मदत हवी आहे : उपकरणाच्या बिघाडाची नोंद कर्मचाऱ्यांकडून कशी करून घ्यावी?

नमस्कार. मी बडोद्यातील एका खासगी रुग्णालयात गुणवत्ता विभाग सांभाळते. गेल्या महिन्यात अतिदक्षता विभागातील एका इन्फ्यूजन पंपाने (रुग्णाच्या शरीरात ठरावीक वेगाने औषध सोडणारे यंत्र) ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त औषध सोडले. रुग्णाला इजा झाली नाही, परंतु पंप मुकाट्याने दुरुस्तीला गेला आणि नोंद कोठेच झाली नाही. २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या दुर्घटनांची नोंद व देखरेख) कार्यक्रम चालू आहे, त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे आणि परिचारिकाही तेथे अहवाल पाठवू शकतात, हे आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊकच नव्हते (मलाही उशिराच कळले). नोंद केली की ठपका आपल्यावरच येईल, ही भीती खरी अडचण आहे. आपल्याकडे ती कशी घालवली, आणि उपकरण दुरुस्तीला देण्यापूर्वी त्याचा अनुक्रमांक टिपण्याची जबाबदारी कोणावर सोपवली आहे, हे कृपया कळवाल का?