मदत हवी आहे: वायपर बदलूनही काच धूसरच

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी ७ वर्षं वापरलेली एसयूव्ही घेतली. गाडी छान आहे, पण रात्री पावसात चालवायची म्हटलं की पोटात गोळा येतो. ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर खाली येताना थडथडतो आणि नेमका नजरेसमोरचा पट्टा न पुसताच सोडतो. नवीन ब्लेड घातले, मापही तपासलं, काही फरक नाही. वर जाताना मात्र आवाज होत नाही. म्हणून मला आर्मच (ब्लेड धरणारा दांडा) किंचित पिळला असल्याचा, रबर काचेवर काटकोनात बसत नसल्याचा संशय आहे. तो जपून सरळ करता येतो का, की स्प्रिंगसकट बदललेलाच बरा?

दुसरं म्हणजे, समोरून गाडीचे दिवे आले की काचेवर तेलकट थर चमकतो. शाम्पूने दोनदा धुतली, जात नाही. आधीच्या मालकाने पाणी झटकणारं कोटिंग लावलं असेल का? आधी क्ले बार (चिकटलेला मळ ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवू की थेट सिरियम ऑक्साइडचं (काच घासून साफ करणाऱ्या बारीक पुडीचं) पॉलिश? (आतून धरणारं धुकं एसी लावला की जातं, ती अडचण नाही.)

आई-बाबा मागे बसलेले असतात, अंदाजाने गाडी चालवणं मला पटत नाही. कोणी हे घरी केलं असेल तर कृपया नीट सांगा.