मदत हवी आहे: निकॉन एफएम-१० बंद पडला, आता कोणती फिल्म एसएलआर घ्यावी?

रानवाटा:
नमस्कार मंडळी. निकॉन एफएम-१० चा रोल ओढायचा लिव्हर अर्ध्यावर अडकलाय, मिरर वरच राहिलाय आणि बटण दाबून काही होत नाही. बॅटऱ्या बदलून झाल्या. दुरुस्तीवाले म्हणतात पार्ट मिळत नाहीत, दुसरी बॉडी बघा.

हाताशी असलेल्या लेन्स: ५० एमएम एफ/१.८ एआय-एस (जुना, हाताने फोकस करायचा), किटसोबत आलेला ३५-७० आणि डिजिटलवर वापरतो तो ५० एमएम एफ/१.८जी. महिन्याला एखाद-दुसरा रोल, बहुतेक २०० चा कलर निगेटिव्ह, कधी ४०० चा ब्लॅक अँड व्हाइट. डोंगर, गावचा शिमगा, घरची माणसं असे फोटो. मुक्काम रत्नागिरी. नुसत्या बॉडीसाठी २५ हजारांपर्यंत जाईन.

एफएम-२एन, एफई-२, एफ-८० आणि एफ-१०० अशी चार नावं मनात आहेत. यातलं काय घेऊ? जी लेन्स जुन्या बॉडीवर चालते का? आणि वापरलेली बॉडी घेताना नेमकं काय तपासायचं?

खटपट्या:
बॅटरीचा इथे संबंधच नाही. एफएम-१० चं शटर पूर्ण यांत्रिक आहे, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते. लिव्हरवर जोर देऊ नका, आणि वर राहिलेला मिरर बोटाने खाली दाबू नका. नाहीतर सुट्या भागांसाठी विकायच्याही लायकीचा राहणार नाही.

हा कॅमेरा निकॉनने कोसिनाकडून बनवून घेतलेला. याशिका एफएक्स-३ सुपर २०००, ऑलिंपस ओएम-२००० आणि कॅनन टी-६० हे सगळे त्याच सांगाड्यावरचे भाऊबंद. माउंट (लेन्स बसायची खाच) वेगळा, आतला गाडा बराचसा तोच. म्हणून दुसरा एफएम-१० स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका असं सुचवेन. तोही तेवढाच जुना, आणि अडचण आली की पार्टचं रडगाणं तेच.

चार नावांत माझं मत एफई-२ ला. कारणं सविस्तर लिहितो, पण आधी लेन्सचा गुंता कुणीतरी सोडवा.

निगेटिव्हवाली:
लेन्सचं मी सांगते, कारण खरा निर्णय तिथेच आहे.

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधून उजेड येण्याचं भोक. ५० एमएम जी लेन्सला अ‍ॅपर्चर रिंग नाही. एफएम-२एन किंवा एफई-२ वर ती बसते, फोकसही हाताने होतो, पण शटर उडताना अ‍ॅपर्चर थेट शेवटच्या टोकाला, म्हणजे एफ/१६ ला बंद होतं. व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र सगळं छान उजेडी दिसतं, त्यामुळे रोल धुवून येईपर्यंत पत्ता लागत नाही. थोडक्यात, नाही चालत.

एफ-८० वर नेमकं उलटं. जी लेन्स पूर्ण चालते, ऑटोफोकससकट. पण तुमचा एआय-एस ५० आणि ३५-७० लावले की मीटर गप्प. फक्त एम मोड (स्पीड आणि अ‍ॅपर्चर दोन्ही हाताने), आणि उजेड बाहेरून मोजायचा.

एफ-१०० दोघांनाही सांभाळतो. जी लेन्सवर सगळे मोड. एआय-एस लेन्सवर ए (स्पीड कॅमेरा निवडतो) आणि एम मोडमध्ये मीटर चालतो, सेंटर-वेटेड (चौकटीच्या मध्यावर भर) किंवा स्पॉट (एका ठिपक्यापुरता). मॅट्रिक्स (पूर्ण चौकट जोखणारं) मीटरिंग मिळत नाही, एवढीच तूट. मात्र पुढे ई अक्षराच्या नव्या लेन्स घेतल्यात तर त्या एफ-१०० वरही नाहीत, अ‍ॅपर्चर उघडंच राहतं.

आणखी एक वाट आहे. ५० एमएम एफ/१.८डी वापरलेला घ्या. त्याला रिंग आहे, म्हणून एफएम-२एन पासून एफ-१०० पर्यंत सगळ्यांवर चालतो. एफ-८० आणि एफ-१०० वर रिंग २२ वर लॉक करून ठेवायची, नाहीतर डिस्प्लेवर एफईई झळकतं आणि शटर उडत नाही. फोकस रिंग सैल वाटते हे खरं, एआय-एसची मजा तिला नाही. आणि तुमच्या डिजिटल बॉडीत फोकसची मोटर नसेल तर तिथे तो ऑटोफोकस करणार नाही.

रानवाटा:
वा, हे कुठेच इतकं स्पष्ट सापडलं नव्हतं. डिजिटल बॉडी डी-५६०० आहे, म्हणजे मोटर नाही. जी लेन्स तिकडेच राहू दे. फिल्मला एआय-एस आणि ३५-७० पुरे. मग खटपट्या, एफई-२ च का? एफएम-२एन बद्दल सगळे इतकं चांगलं बोलतात.

खटपट्या:
चांगलाच आहे तो, पण त्यात नावाचे पैसे फार. दोघांची चण एकच, वजन ५४० आणि ५५० ग्रॅम, सर्वात जलद स्पीड १/४०००, फ्लॅश सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सर्वात जलद स्पीड) १/२५०. फरक आत आहे.

एफएम-२एन पूर्ण यांत्रिक. बॅटरी मेली तरी सगळे स्पीड चालतात. मीटर म्हणजे तीन लाल दिवे: अधिक, शून्य, वजा. अंधारातही दिसतात. एफई-२ चं शटर इलेक्ट्रॉनिक. त्यात ए मोड आहे, तुम्ही अ‍ॅपर्चर लावा, स्पीड तो निवडतो. शिमग्यात पालखी नाचत असताना डायल फिरवत बसायला वेळ कुठे असतो? मीटर काट्याचा आहे, म्हणजे किती स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वर-खाली आहे ते नजरेला दिसतं, पण रात्री काटा दिसत नाही. सेल्फ-टायमरचा दांडा लेन्सच्या बाजूला दाबून धरला की एक्स्पोजर लॉक होतं. बॅटरी संपलीच तर एम२५० (बॅटरीविना चालणारा १/२५०) आणि बी (बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडं) एवढे दोन स्पीड उरतात.

एलआर४४ (अल्कलाइन) ऐवजी एसआर४४ (सिल्व्हर ऑक्साइड) च्या दोन घाला. व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहतो.

जुना_रोल:
असहमत. इलेक्ट्रॉनिक शटरचं सर्किट गेलं की दुसऱ्या मेलेल्या एफई-२ मधून काढूनच लावावं लागतं. यांत्रिक बॉडी कुणीही जाणता माणूस उघडून, साफ करून, वंगण घालून उभी करतो. रत्नागिरीच्या दमट हवेत चाळीस वर्षांचं सर्किट घेणं हा जुगार आहे. एफएम-२एन महाग वाटत असेल तर साधा एफएम बघा, १९७७ चा. सर्वात जलद स्पीड १/१०००, २०० च्या रोलला भरपूर झाला.

एफएम-२ घेताना एक ओळख लक्षात ठेवा. १९८२ च्या पहिल्या एफएम-२ ला सिंक १/२०० होता आणि स्पीड डायलवर एक्स२०० अशी वेगळी खूण असते. १९८४ पासूनच्या एफएम-२एन ला डायलवर २५० लाल रंगात असतो आणि मागच्या सीरियल नंबरच्या आधी एन हे अक्षर. विक्रेते दोन्हीला सरसकट एफएम-२एन म्हणून विकतात. तसंच शटरच्या पात्यांवर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असेल तर ती टायटॅनियमची, आधीच्या काळातली. सपाट पाती नंतरची, अ‍ॅल्युमिनियमची. नक्षीचे म्हणून जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

निगेटिव्हवाली:
जुना_रोल यांचा मुद्दा रास्त आहे, पण पंचवीस हजारांत खिळखिळा एफएम-२एन घेण्यापेक्षा सर्व्हिस झालेला एफई-२ बरा. मॉडेलपेक्षा ती एक विशिष्ट बॉडी कशी आहे हे बघा.

एफ-१०० विसरू नका असं म्हणणार होते, पण ७८५ ग्रॅम अधिक चार एए सेल एवढं ओझं डोंगरात नेणार का? सेल कुठल्याही टपरीवर मिळतात हा मात्र त्याचा मोठा गुण. एफ-८० ला दोन सीआर१२३ए लागतात, त्या गावात शोधत बसावं लागेल. शिवाय त्या दोन्ही बॉडींचं मागचं रबरी आवरण जुनं झालं की चिकट होतं (आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतं, वेळ खातं). एफ-८० च्या मागच्या दाराची खुंटी प्लॅस्टिकची आहे आणि ती तुटते.

रानवाटा:
म्हणजे एफई-२ किंवा एफएम-२एन, जो चांगल्या अवस्थेत मिळेल तो. आता तपासायचं कसं ते सांगा. मुंबईला जाणार आहे, फोर्टात बोरा बझारच्या बाजूला दुकानं बघेन.

खटपट्या:
सोबत न्या: एसआर४४ च्या दोन बॅटऱ्या, टॉर्च, तुमचा ५० एमएम, स्लो मोशन असलेला मोबाइल, आणि वाया गेलेला एखादा रोल.

पहिल्यांदा बॅटरीचं झाकण उघडा. हिरवट-पांढरी पूड दिसली तर सेल फुटून गळला आहे. नुसत्या संपर्कपट्टीवर असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने निघते, पण आत वायरीपर्यंत गेली असेल तर सोडून द्या.

मग लेन्स काढून मिररच्या वरची फोमची पट्टी बघा. काळी चिकट राळ झाली असेल तर घाबरू नका, या वयाच्या बहुतेक बॉडींत असते. मागच्या दाराच्या खाचेतही तेच. बदलायला फारसं सामान लागत नाही, त्यावर भाव पाडून घ्या. फक्त तिथल्या तिथे बोटाने खरवडू नका, तुकडे फोकसिंग स्क्रीनवर पडतात. आणि स्क्रीनला अल्कोहोल लावलंत की ती गेलीच.

मागचं दार उघडून पात्यांवर टॉर्च मारा. तेलाचा डाग, दुमडलेली कड, अंगठ्याचा ठसा यातलं काही दिसलं तर नको.

आता स्पीड. मोबाइल २४० फ्रेमवर ठेवा, मागचं दार उघडं, कॅमेरा खिडकीकडे, आणि शटरचं चित्रण करा. शटर किती फ्रेमभर उघडं राहिलं ते मोजा: १ सेकंदाला २४०, १/४ ला ६०, १/१५ ला १६, १/३० ला ८. दहा टक्के इकडेतिकडे चालतं. १/६० च्या पुढे या पद्धतीचा भरवसा नाही, तिथे फक्त चौकट पूर्ण उजळते का ते बघा. १ सेकंदाला शटर मध्येच रेंगाळत असेल तर वंगण सुकलंय, सर्व्हिस लागणार.

एफई-२ ला मात्र इथे एक खोच आहे. फ्रेम काउंटर १ वर येईपर्यंत तो एम२५० आणि बी सोडून सगळे स्पीड १/२५० वरच उडवतो. आणि दार उघडलं की काउंटर परत मागे जातो. त्यामुळे दार उघडून १ सेकंद लावलात तर चट्कन उडेल आणि वाटेल की शटर बिघडलंय. कित्येक चांगल्या बॉडी याच गैरसमजातून परत केल्या जातात. त्याची चाचणी दार बंद करून, लिव्हर काउंटर १ येईपर्यंत फिरवून, कानाने करा. १ सेकंद आणि १/२ सेकंद यांतला फरक सहज ऐकू येतो.

जुना_रोल:
मीटरसाठी एक सोपी कसोटी जोडतो. सावलीतली एकसारखी भिंत, डी-५६०० वर सेंटर-वेटेड, दोघांवर आयएसओ २००. दोन्हींचा आकडा अर्ध्या स्टॉपच्या आत जुळला तर उत्तम. सगळीकडे एकसारखा एक स्टॉप चुकत असेल तर आयएसओ डायल बदलून भागवता येतं. उजेडात बरोबर आणि अंधारात चूक असं असेल तर भागत नाही.

एफएम-२एन ला लिव्हर थोडा बाहेर ओढल्याशिवाय मीटर चालू होत नाही आणि शटरही सुटत नाही. दुकानदाराने "मीटर डेड" म्हणून स्वस्तात ठेवलेला असेल तर आधी हे करून बघा. डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांच्या कपाळाला हा लिव्हर टोचतो, हेही हातात घेऊन ठरवा.

निगेटिव्हवाली:
घेतल्यावर पहिला रोल चाचणीचा ठेवा. त्याच भिंतीवर, उजेड बदलत नसताना: १/१००० ला एफ/४, १/५०० ला एफ/५.६, १/२५० ला एफ/८, १/१२५ ला एफ/११, १/६० ला एफ/१६. पाचही फ्रेमना सारखाच उजेड मिळतो, म्हणून निगेटिव्हवर पाचांचा काळेपणा सारखा हवा. निगेटिव्हच बघा, स्कॅन नको. लॅबचा स्कॅनर चूक परस्पर दुरुस्त करून टाकतो.

१/१००० ची फ्रेम बाकीच्यांपेक्षा फिकी असेल तर शटरच्या पात्यांचा पहिला (उघडणारा) पडदा मागे पडतोय. या शटरची पाती उभी धावतात, त्यामुळे दोष असला तर तो फ्रेमच्या वरच्या किंवा खालच्या लांब कडेला पट्टा म्हणून दिसतो. फोटोत नारिंगी-लाल ओघळ आले तर उजेड मागच्या दारातून शिरतोय, म्हणजे फोम बदला. फ्रेममधलं अंतर कमी-जास्त असेल किंवा फ्रेम एकमेकींवर चढत असतील तर रोल ओढणाऱ्या गाड्यात खोट आहे. ते घरी होणारं काम नाही.

रानवाटा:
सगळं लिहून घेतलं. फोर्टात नाही मिळाला तर जपानहून ऑनलाइन मागवायचा विचार आहे. तिथे विक्रेत्याला काय विचारू?

जुना_रोल:
कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून हिशोब करा, नाहीतर पंचवीसचे पस्तीस कधी झाले कळत नाही. "एक्सलंट प्लस ५" वगैरे बिरुदं सोडून खालची बारीक ओळ वाचा. बुरशी, धूसरपणा आणि "चाचणी केलेली नाही" हे तिथे लिहिलेलं असतं. मागा: पात्यांचा जवळून फोटो, बॅटरीच्या कप्प्याचा फोटो, सीरियल नंबर, आणि १ सेकंद ते १/३० असे स्पीड ऐकू येतील असा व्हिडिओ, एफई-२ असेल तर काउंटर १ च्या पुढे नेऊन. परत घेण्याची मुदत माल हातात पडल्या दिवसापासून धरतात का, तेही लेखी घ्या.

पाठवताना बॅटऱ्या काढून, शटर न ताणता, बॉडी कॅप लावून पाठवायला सांगा.