मदत हवी आहे: मुलांना घेऊन करता येईल असं सेवेचं काम सुचवा

वैतागलेली_आई
दोघांनाही कशाचीच किंमत नाही. नवी सायकल आणली तर पहिला प्रश्न, "गियर एवढेच?" आजीने हौसेने चकल्या पाठवल्या तर "शी, परत ह्याच." शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, घरच्यांनी मिळून काहीतरी समाजकार्य करा, मुलं आपोआप बदलतात. ठीक आहे, करू. पण काय करू? घराजवळच्या एका बालगृहात फोन केला, म्हटलं मुलाचा वाढदिवस तुमच्याकडे करतो, जेवण आमच्याकडून. त्यांनी "वाढदिवस इथे नकोत" म्हणून फोनच ठेवला. देणाऱ्यालाही नाही म्हणतात! कुठे जायचं आणि कोणाला भेटायचं एवढंच सांगा. लेक्चर नको. पालख्या यायच्या आत ठरवायचं आहे.

दिवेघाट
मुलांची वयं? गाव कुठलं? पालख्या म्हणजे पुणे धरू, की सासवड, लोणंद, बारामती?

बे_एरियाकर
आम्ही इथे अमेरिकेत महिन्यातून एकदा मुलांसह फूड बँकेत, म्हणजे गरजूंना अन्न वाटणाऱ्या संस्थेत जातो. डबे तारखा बघून वेगळे करायचे, खोकी भरायची. मुलांना फार आवडतं. वयाची अट असते मात्र, आधी विचारून घ्या. थँक्सगिव्हिंगला तर स्वयंसेवकांची यादी कधीच भरून जाते.

दिवेघाट
काका, त्या पालख्यांबद्दल बोलताहेत. थँक्सगिव्हिंग कुठून आलं?

डोंगरवाट
एकच उपाय. सोमनाथची श्रमसंस्कार छावणी. बाबा आमट्यांनी सुरू केलेली, चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ. मे महिन्याचं विदर्भातलं ऊन, हातात कुदळ-फावडं, संध्याकाळी गाणी नि चर्चा. मी कॉलेजात असताना गेलो होतो. परत आल्यावर ताटात जे पडेल ते मुकाट खायला लागलो.

मुक्ता_फळे
छावणी तरुणांसाठी असते आणि मे संपला. धागाकर्तीची मुलं चकल्यांवरून रुसण्याच्या वयाची दिसताहेत.

काळा_चहा
लेक्चर नको म्हणालात, तरी फोनबद्दल बोलणं भाग आहे. मी अशाच एका संस्थेत शनिवारी गणित शिकवायला जातो. परक्या मुलाच्या वाढदिवसाला तिथल्या पोरांना ओळीने बसवायचं, त्यांच्याकडून गाणं म्हणून घ्यायचं, केकचा तुकडा हातात ठेवून फोटो काढायचा. पुढच्या रविवारी दुसरं कुटुंब. त्यातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, आमचा वाढदिवस कोणाच्या घरी करतात?" शिवाय ही मुलं ओळखू येतील असे फोटो जाहीर करायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ ची मनाई आहे आणि पाहुण्यांचे फोटो थेट स्टेटसवर जातात. संस्थेने नाही म्हटलं ते योग्यच. "बघ, तू किती नशीबवान" हे दाखवायला दुसऱ्याचं मूल वापरू नये.

वैतागलेली_आई
फोटो काढणार होते असं मी कुठे म्हटलं? असो. पुणे, कोथरूड. मुलगा सहावीत, मुलगी पहिलीत. रविवार मोकळा, शनिवारी अर्धा दिवस ऑफिस. नवरा म्हणतो, पावसात कुठे नेतेस त्यांना. आता तरी सुचवा.

नाना_पेठ
हे आधी सांगितलं असतंत तर अर्धा धागा वाचला असता. दोन्ही पालख्यांचा पुण्यात मुक्काम असतो. ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची आमच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. दिंड्या आसपासच्या शाळांत, देवळांत, वाड्यांत उतरतात.

खाऊ वाटायला जाऊ नका. बिस्किटांचे पुडे आणि केळी इतकी येतात की वारकरी नको म्हणतात. कमी पडतात ते कचरा उचलणारे हात. पत्रावळी, केळ्याच्या साली, पाण्याच्या बाटल्या. दोन-तीन घरं मिळून जा, पोती आणि हातमोजे न्या, एकच गल्ली धरा आणि ती शेवटपर्यंत सोडू नका. मुलगा पोतं धरेल. धाकटीला पाणी द्यायला बसवा, तांब्या-भांडं घेऊन.

एखाद्या दिंडीच्या मुक्कामी जाऊन दिंडीप्रमुखांना आधी विचारा, काय हवंय. कोणाला चप्पल शिवून हवी असते, कोणाला मोबाइल चार्ज करून, कोणाला पायाला तेल. आमच्या आळीत चप्पलवाले आणि केस कापणारे तेव्हा पैसे घेत नाहीत. मुलाला त्यांच्याजवळ बसवा, दोरा ओवून देईल.

अजून एक, आधी कानावर घालून ठेवा. कोणी सत्तरीचे आजोबा तुमच्या पोराला "माउली" म्हणत वाकून पायाला हात लावतील. पोरगं दचकतं, मागे सरतं. त्यानेही वाकायचं असतं, बस.

ओला_सुका
पालखी वर्षातून एकदा येते. मग? मुलाला रोजचं काम द्या. घरातला कचरा त्यानेच वेगळा करायचा आणि सकाळी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंच्या हातात त्यानेच द्यायचा. डायपर, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करायचा, म्हणजे त्यांना उघडून बघावं लागत नाही. ताईंचं नाव माहीत आहे का त्याला? आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना नाही.

पेठी_पुणेकर
कचरा उचलणं महापालिकेचं काम. आम्ही मिळकतकर कशाला भरतो? मुलांना राबवून कृतज्ञता येत असती तर हॉटेलातली पोरं संत झाली असती.

नाना_पेठ
गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. ते कुठे महापालिकेची वाट बघत बसले?

पेठी_पुणेकर
गाडगेबाबांना ऑफिस नव्हतं. आणि पालखीच्या दिवशी लक्ष्मी रस्ता बंद, फर्ग्युसन रस्ता बंद, त्यावर कोणी धागा काढेल का?

काळा_चहा
काढा की तुम्हीच.

मुक्ता_फळे
ओला_सुका यांना +१. पण आई-बाबा सोफ्यावर आणि पोरगं कचऱ्यापाशी असं नको. बाबांनाही पावसात न्या.

वैतागलेली_आई
नाना_पेठ, धन्यवाद. समोरच्या घरातलेही येतो म्हणाले. मुलाने लगेच विचारलं, "शाळेत सर्टिफिकेट मिळेल का?" मी नाही म्हटलं. येतोय तरी, कारण मित्र येतोय. पहिलीच्या मुलीच्या मापाचे हातमोजे कुठे मिळतील? ऑनलाइन सगळे मोठ्यांचे दिसताहेत.

नाना_पेठ
बोहरी आळीत विचारून बघा. नाही मिळाले तर तिला हातमोजे लागतच नाहीत, पाण्यावर बसणार आहे ना ती. तांब्या मात्र छोटा आणा, भरलेला मोठा तिला उचलायचा नाही.

बे_एरियाकर
तेलाने मालिश चालते का तिथे कोणालाही? मी जुलैत पुण्यात आहे.

दिवेघाट
काका, तोवर पालख्या कुठे असतील ते पंचांगात बघून या.