शब्दचर्चा : शिफारस, भलावण, दाद, पुरस्कार

प्रश्न (कोथरूड) :
आम्ही काही जण आपल्या कथा-कविता इंटरनेटवर स्वतःच प्रसिद्ध करतो, मध्ये प्रकाशक नाही. प्रत्येक कथेखाली आवडलेल्या दुसऱ्या एखाद्या लेखकाचं नाव देतो, लोकांनी त्यांचंही वाचावं म्हणून. या जागेला शीर्षक हवंय. 'शिफारस' एका मैत्रिणीला सरकारी वाटतं. शिवाय 'मी ही कथा शिफारस करते' हे मराठी बरोबर आहे का?

उत्तर (सदाशिव पेठ) :
ताई, आधी वाक्याचं बघू. शिफारस कशाची तरी असते, म्हणून 'या कथेची शिफारस करते'. डोक्यात 'रेकमेंड करते' चालू असलं की हा 'ची' गळतो. अनेकवचन 'शिफारशी', आणि 'तुमच्या शिफारशीवरून वाचली'.

मैत्रिणीचा कान मात्र तयार आहे. हा शब्द फारशीतून आला आणि कचेरीत रुळला. आयोग सरकारकडे शिफारशी करतो, उमेदवार शिफारसपत्र आणतो. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्याकडे केली जाते ती शिफारस, आणि 'वशिला' तिथून फार लांब नाही. पुस्तकांसाठीही लोक हा शब्द वापरतात, चूक म्हणणार नाही. पण तुम्ही कुणा साहेबाकडे शब्द टाकत नाही, बरोबरीच्या वाचकाला सांगताय.

'भलावण' सुंदर शब्द होता. गुजरातीत 'भलामण' आजही सरळ शिफारशीच्या अर्थाने चालतो. आपल्याकडे मात्र 'सरकारची भलावण' असंच वाचायला मिळतं, म्हणजे लायकी नसताना केलेली तरफदारी. मित्राच्या कवितेवर हा डाग नको.

'दाद'चा फारशीतला अर्थ न्याय. म्हणून कोर्टात दाद मागतात, आणि सवाई गंधर्वच्या मंडपात चांगल्या तानेला दाद देतात. पण दाद कलावंताच्या दिशेने जाते. तुम्हाला तिसऱ्या माणसाला, वाचकाला, काही सांगायचंय.

माझा जीव अडकलाय तो 'पुरस्कार' या शब्दात. पुरस् म्हणजे पुढे. पुरस्कार करणे म्हणजे पुढे करणे, उचलून धरणे. ज्यांच्या नावाचा रस्ता तुमच्याकडे येतो त्या धोंडो केशव कर्व्यांनी विधवाविवाहाचा पुरस्कार केला तो या अर्थाने, आणि १८९३ साली स्वतः विधवेशी लग्नही केलं. अनोळखी लेखकाला वाचकापुढे आणणं यालाच म्हणतात. पण बक्षिसाच्या अर्थाने हा शब्द इतका पसरलाय की 'पारितोषिक'सुद्धा मागे पडलं. शीर्षकात 'पुरस्कार' दिलात तर लोक 'कुणाला मिळाला?' विचारतील. वाक्यात मात्र वापराच : 'मी या कथेचा पुरस्कार करते'.

प्रतिसाद (औंध) :
एवढं कशाला? 'वाचनीय' लिहा.

उत्तर (सदाशिव पेठ) :
'वाचनीय'मध्ये सांगणारा माणूसच नाही! कथा वाचनीय आहे, पण कुणाच्या मते? जे लेखक अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याच दुकानात मांडलेले नाहीत, ज्यांचं परीक्षण छापून येत नाही, त्यांच्यामागे दुसऱ्या लेखकाने आपलं नाव उभं करणं फार मोलाचं आहे. ते नाव शब्दात दिसायला हवं. म्हणून मी 'सुचवणे' घेईन. साधं क्रियापद, त्यात कर्ता येतो, आणि ऐकणाऱ्यावर जबरदस्ती नाही. 'अमुक यांनी सुचवलेलं'. पुढे एका ओळीत कारण द्या. 'अप्रतिम', 'नक्की वाचा' ही कारणं नव्हेत. 'संवाद ऐकू येतात' हे कारण आहे.

आणखी एक. स्वतःला 'स्वतंत्र लेखक' म्हणवत असाल तर जपून. मराठीत 'स्वतंत्र नाटक' म्हणजे अनुवादित किंवा रूपांतरित नसलेलं, ही जुनी वहिवाट आहे. प्रकाशकाविना लिहिणाऱ्याला 'स्वप्रकाशित' म्हटलं की घोटाळा होत नाही.

प्रश्नकर्ती (कोथरूड) :
काका, 'सुचवलेलं' ठरलं. आमच्यातली एक जण 'मी त्यांना वाचते' असं लिहिते, ते चालेल?

उत्तर (सदाशिव पेठ) :
बोलण्यात हल्ली चालतं. लिहिताना 'त्यांचं वाचते' बरं. 'त्यांच्या कथा वाचते' त्याहून बरं, कारण काय वाचायचं तेही कळतं.