शनिवारी मोफत वही

गुरुवार

मीनाताई (३०४): सर्वांना नमस्कार. शनिवारी संध्याकाळी ७ वाजता आपल्या चौकातल्या वाचनालयात मोफत वही. सहकुटुंब यावे.

रेखाकाकू (१०४): शंभर पानी की दोनशे पानी?

धनूभाऊ (४०२): एकेरी रेघी असेल तर सांगा. मागच्या वर्षी कोणाच्या तरी वाढदिवसाला चौकटीच्या वाटल्या होत्या, अजून पडून आहेत.

रेखाकाकू (१०४): नाव द्यावं लागेल का? आमच्याकडे एक सातवीत, एक चौथीत.

मीनाताई (३०४): अहो नाही नाही! गायची वही. वहीगायन. डफावर म्हणतात ती. घाईत टाईप केलं, माझीच चूक.

धनूभाऊ (४०२): हात्तिच्या.

रेखाकाकू (१०४): मी बहिणीलाही फॉरवर्ड केलं ना ताई. ती पिंप्राळ्याहून पिशवी घेऊन येणार आता.

सेक्रेटरी: फुकट आहे म्हणजे शेवटी काही विकणार तर नाहीत? मागे पार्किंगमध्ये मोफत आरोग्य तपासणी झाली, आठवतं ना. वजन-बीपी मोजलं आणि जाताना चार जणांच्या गळ्यात गाद्या मारल्या.

नानी (२०३): माझ्याकडे आहे ती गादी. पाठ जास्तच दुखते.

ईशान (१०१): अप्पांनी व्हॉइस मेसेज केला होता, तो चुकून मामांच्या ग्रुपवर गेला. मी टाईप करून टाकतो, जसंच्या तसं: "वही? मना बाप म्हने वही. आते कोनी म्हनत नही. मी येसु. गुडघा दुखस, तरी येसु. लिफ्ट चालू ऱ्हाऊ द्या."

ईशान (१०१): पुढचं मराठीत सांगतो, अहिराणी टाईप करताना कीबोर्ड सगळं बदलतो. अप्पा म्हणताहेत, रामायण-महाभारतातली नाहीतर पुराणातली एखादी गोष्ट धरायची आणि ती गाण्यातून पुढे पुढे न्यायची. एक जण म्हणतो, बाकीचे मागून सूर धरतात, म्हणजे झील धरतात. पणजोबा झीलकरी होते. दिवसभर शेतात आणि रात्री डफ.

प्रशांत (४०१): आमच्या धुळ्याला असं काही असलं की हॉल भरतो हो. धुळेकर जातात. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले, त्यांची दप्तरं अजून तिथल्या संशोधन मंडळात जपून ठेवलीत. उगाच नाही.

धनूभाऊ (४०२): आलं धुळं. अहो, आपल्या जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय १८७७ चं आहे. राजवाडे तेव्हा शाळेत होते.

प्रशांत (४०१): तुम्ही गेलात का कधी आत?

धनूभाऊ (४०२): बाहेरून रोज जातो.

वकीलसाहेब (२०१): ताई, हा खर्च कोण करतं? गाणाऱ्या मंडळाला मानधन असेल, माईक असेल.

मीनाताई (३०४): बरं झालं विचारलंत, लिहायचंच होतं. मोठं होईल, माफ करा.

आपलं वाचनालय १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेलं आहे. अशा वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान. ते हप्त्याहप्त्याने येतं. त्यातून आमचे पगार (हसू नका), पुस्तकं, मासिकं, लाईट बिल. कार्यक्रमाला त्यात काही उरत नाही. मग एक सभासद माईक देतो, एकाचं मंडप डेकोरेशन आहे तो खुर्च्या देतो, चहा शिपाईमामांच्या घरून. मंडळाला जाण्यायेण्याचं भाडं आणि एक पाकीट, ते आम्ही कार्यकारिणीत वर्गणी काढून करतो. त्यामुळे तुम्हाला मोफत आहे, पण कोणाच्या तरी खिशातून जातंच.

दुसरं सांगते. मागच्या महिन्यात कथाकथन होतं. मी याच ग्रुपवर टाकलं होतं. त्यावर अकरा अंगठे आले. कार्यक्रमाला दारात चपलांचे जोड मोजले, सात. त्यात एक माझा, एक शिपाईमामांचा आणि एक खुद्द कथा सांगणाऱ्या सरांचा. ते भुसावळहून आले होते, वय पंच्याहत्तरच्या पुढे. पुढच्या चार रांगा रिकाम्या बघून त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली, आमच्यात आणून ठेवली आणि दीड तास सांगितलं. भाडं द्यायला गेलो तर घेईनात. म्हणाले, "तुमचा कार्यक्रम फुकट, माझी एसटीही फुकट, हिशेब बरोबर झाला."

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. एवढंच.

नानी (२०३): मी अंगठा दिला होता गं. मला वाटलं अंगठा म्हणजे वाचलं.

सेक्रेटरी: अंगठा म्हणजे वाचलंच. येतो म्हणायचं तर 'येतो' लिहावं. हे पाण्याच्या टँकरच्या मेसेजलाही लागू आहे.

शुक्रवार

धनूभाऊ (४०२): ताई, राग मानू नका, पण उन्हाचं काय? आज ४४ आहे. लोक सातनंतर गच्चीवर पाणी मारत असतात.

मीनाताई (३०४): हॉलमध्ये कूलर आहे. मोठा. आजच नवीन वाळा लावला.

धनूभाऊ (४०२): वाळ्याचा वास येतो म्हणजे विचार करायला हरकत नाही.

प्रशांत (४०१): २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा या बिल्डिंगमधून दोन गाड्या भरून गेल्या होत्या म्हणे. तासा-दीड तासाचा रस्ता. आणि इथं रस्ता ओलांडायला वाळा पाहिजे.

रेखाकाकू (१०४): तिथं पुस्तकांचे स्टॉल होते, शिवाय नणंद अमळनेरला राहते. खोटं कशाला बोलू.

ईशान (१०१): मीनाताई, एक आयडिया. वही वगैरे ठीक आहे, पण पोरं यायची तर सिनेमा लावा ना. वाचनालयाच्या अंगणात पडदा लावू, प्रोजेक्टर माझ्या मित्राकडे आहे, ओटीटी माझं. फुकट म्हटल्यावर प्रॉब्लेम काय?

वकीलसाहेब (२०१): प्रॉब्लेम आहे बाळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. हौशी मंडळानं तिकीट न लावता नाटक केलं, गाणं म्हटलं, तर त्याला सूट मिळते. सिनेमा त्यात बसत नाही. तुझं ओटीटी घरच्यांपुरतं आहे, चौकापुरतं नाही. मालकाची परवानगी घ्यावी लागेल.

ईशान (१०१): मग नाटक करू.

वकीलसाहेब (२०१): करा. पण संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्या. आणि उघड्यावर असेल तर रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद.

ईशान (१०१): काका, तुम्ही वहीलाच या.

सेक्रेटरी: विषयांतर होऊन राहिलं. उद्या सकाळी ६ ते ७ पाणी. येणाऱ्यांनी नावं लिहा.

अप्पा (१०१): १

नानी (२०३): २. हात धरायला कोणीतरी पाहिजे.

रेखाकाकू (१०४): ३, ४, ५ आणि बहीण ६. ती पिशवी घेऊनच येतेय, वाचनालयातून पुस्तक मिळतं का विचारते.

मीनाताई (३०४): बसून वाचायला मुक्तद्वार विभाग आहे, पेपर-मासिकं कोणीही वाचावीत, पैसे नाहीत. घरी न्यायचं तर अनामत आणि महिन्याची वर्गणी.

धनूभाऊ (४०२): मॅच कधी आहे उद्या?

शनिवार

सेक्रेटरी: ६.४०. खाली गेटपाशी जमलोय. अप्पा धोतर-टोपीत आले आहेत.

प्रशांत (४०१): धनूभाऊ दिसत नाहीत.

मीनाताई (३०४): लवकर या हो, खुर्च्या भरत आल्या. सतरंजी काढतेय.

धनूभाऊ (४०२): खरंच?

मीनाताई (३०४): कूलर बंद केलाय, रागावू नका, कारण आल्यावर कळेल.

धनूभाऊ (४०२): आता कसं यावं माणसानं.

रविवार

सेक्रेटरी: मीनाताई, काल झकास. माझ्याकडून मनापासून. गादीचं मागे घेतो.

रेखाकाकू (१०४): जे आले नाहीत त्यांच्यासाठी लिहिते, कारण बहिणीला फोनवर सांगता सांगता दूध उतू गेलं माझं.

मंडळी आल्या आल्या म्हाताऱ्या बाबांनी कूलर बंद करायला लावला. मी मनात म्हटलं, हे काय, जीव जातोय इथे. त्यांनी डफावर थाप मारून दाखवली. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. कूलरच्या ओलाव्यानं कातडं सैल पडलं होतं. मग मागच्या अंगणात रद्दी पेटवली. वाचनालयात रद्दीला काय तोटा! बाबा उकिडवे बसले, डफ विस्तवावर धरून हळूहळू फिरवायचा, कानाशी नेऊन बोटाच्या नखानं टिचकी मारायची, मान हलवायची, परत विस्तवावर. आमची पोरं मोबाईल सोडून भोवती गोल. धाकट्यानं विचारलं, जळणार नाही का? बाबा म्हणाले, "हात जळला की समजायचं डफ तापला." पाचव्या वेळी असा टण्ण वाजला की रस्त्यावरचा कुल्फीवाला आत डोकावला.

मग हरिश्चंद्र-तारामती. तारामती स्मशानात रोहिदासाला घेऊन येते ते म्हणायला लागले तेव्हा नानी रडायला लागल्या. अर्धे शब्द मला कळले नाहीत, पण रडायचं कुठं ते बरोब्बर कळलं.

आणि अप्पा! खुर्चीतून बसल्या बसल्या झील धरायला लागले. आधी हळू, मग बाबांनी खूण केली आणि त्यांना पुढे सतरंजीवर बोलावून घेतलं. गुडघा कुठे गेला काय माहीत.

ईशान (१०१): गुडघा आज आलाय परत. तेल लावून बसलेत. मी व्हिडिओ केलाय, ग्रुपवर टाकतो. मंडळाला विचारूनच केलाय, वकीलकाका.

वकीलसाहेब (२०१): शाब्बास.

मीनाताई (३०४): एक खुलासा. रद्दी जुन्या पुरवण्यांची होती, पुस्तकं नव्हती, कृपया अफवा नको. रद्दी विकून पैसे जमा करावे लागतात आम्हाला, त्यामुळे जळालेल्या दीड-दोन किलोचे मी माझ्याकडून भरते.

प्रशांत (४०१): ते मी भरतो. धुळ्यातर्फे.

सेक्रेटरी: पाकिटाबद्दल. काल मी हॉलमध्ये विचारलं तर कमी पडलं होतं. सोसायटीच्या मेंटेनन्समधून देता येत नाही, ऑडिटला कोण तोंड देणार. ज्यांना द्यायचे त्यांनी वैयक्तिक द्यावेत, मीनाताईंकडे, आणि वाचनालयाची पावती घ्यावी. सक्ती नाही. माझे ५०० आज देतो.

नानी (२०३): माझे २००. ईशानला वर पाठव घ्यायला.

धनूभाऊ (४०२): मी आलो नव्हतो, तरी १०० लिहा. आणि व्हिडिओ बघितला. पुढचं काय आहे वाचनालयात?

मीनाताई (३०४): सुट्टी संपायच्या आत मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ करायचाय, तारीख कळवते. यावेळी नीट टाईप करीन.

रेखाकाकू (१०४): ताई, एक राहिलंच. काल वाचनालयाच्या दारातून माझी चप्पल बदलली आहे. तपकिरी, उजव्या पायाचा पट्टा शिवलेला. माझ्या पायात जी आली ती एक नंबर मोठी आहे.

प्रशांत (४०१): माझीपण नाही मिळाली. मी अनवाणी आलो.

वकीलसाहेब (२०१): माझ्याकडे दोन्ही डाव्या आहेत.

मीनाताई (३०४): सगळ्या इकडे आणून द्या हो. मामांनी अजून तीन जोड जिन्याखाली ठेवलेत, त्यांचे मालक सापडत नाहीयेत.