फ्रीबीएसडीमध्ये एमपीटीसीपी हवंय. मागणी कुठे आणि कशी करावी?

कोथरूड_नेट:
नमस्कार मंडळी. घरच्या सर्व्हरवर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि लाइनी दोन, फायबर आणि फोर-जी डोंगल. आमच्याकडे रस्ता खोदला की फायबर जातं. राउट, म्हणजे डेटाचा मार्ग, डोंगलवर वळतो, पण क्लायंटच्या सर्व्हरवरचं चालू एसएसएच (दुरून सर्व्हर वापरायचं) सेशन तुटतं. लिनक्समध्ये ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, एमपीटीसीपी (मल्टिपाथ टीसीपी, टीसीपी या इंटरनेटच्या नेहमीच्या प्रोटोकॉलचं अनेक वाटा वापरणारं रूप) आहे. एकच कनेक्शन दोन्ही लाइनींवर तगतं. फ्रीबीएसडीच्या मूळ कोडमध्ये ते नाही. थेट बगझिलावर, म्हणजे त्यांच्या बग नोंदवायच्या साइटवर, मागणी टाकू का?

पॅकेटवाला:
आधी फ्रीबीएसडी-नेट या मेलिंग लिस्टवर लिहा, बगझिला नंतर. तिथले जुने धागेही चाळा. ऑस्ट्रेलियातल्या स्विनबर्न विद्यापीठाने फ्रीबीएसडीसाठी एमपीटीसीपीचा प्रायोगिक पॅच केला होता, तो मूळ कोडमध्ये गेला नाही. मेलमध्ये त्याचा उल्लेख असू द्या, म्हणजे गृहपाठ झालाय हे दिसेल.

आणि नुसतं ‘एमपीटीसीपी द्या’ म्हणू नका. काय अडतंय ते लिहा. फायबर गेल्यावर राउट किती वेळात बदलतो, सेशन नेमकं कधी मरतं, पलीकडे कोणती ओएस आहे. पलीकडच्या टोकालाही एमपीटीसीपी लागतं, नाहीतर कनेक्शन साध्या टीसीपीवरच चालतं. क्लायंटच्या सर्व्हरवर ते नसेल तर हा पहिला प्रश्न तुम्हालाच येईल.

वारजे_बीएसडी:
वायरगार्ड या व्हीपीएनचं काय झालं ते बघा. फ्रीबीएसडी १३.० मध्ये ते येणार होतं, पण कोड कच्चा असल्याचं लक्षात आल्यावर मार्च २०२१ मध्ये, रिलीजच्या तोंडावर काढून टाकलं. नीट होऊन आलं ते १३.२ मध्ये, एप्रिल २०२३ला. मला तो निर्णय पटतो. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ सर्व्हर फ्रीबीएसडीच्याच टीसीपी स्टॅकवर (टीसीपी सांभाळणाऱ्या कोडवर) चालतात, आणि एमपीटीसीपी तर थेट त्या स्टॅकच्या गाभ्यात हात घालतं. पुढची अनेक वर्षं तो कोड कोण सांभाळणार, हे ठरल्याशिवाय कुणी हो म्हणणार नाही. कोड लिहिता येत नसेल तर टेस्टिंग अंगावर घ्या, आणि मेलमध्ये तसं स्पष्ट लिहा. दोन खऱ्या लाइनी असलेला टेस्टर त्यांना सहज मिळत नाही.

पॅकेटवाला:
तोवर काम अडवून ठेवू नका. बाहेर एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घ्या आणि घरून तिथपर्यंत वायरगार्डचा टनेल टाका. एसएसएच त्या टनेलमधून जाऊ द्या. लाइन बदलली की नव्या पत्त्यावरून पॅकेट येतं, व्हीपीएस तो पत्ता उचलतो आणि आतलं सेशन टिकतं. वायरगार्डचं पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (ठरावीक वेळाने रिकामं पॅकेट पाठवायची सेटिंग) २५ सेकंदांवर ठेवा. दोन्ही लाइनींचा वेग एकत्र मिळणार नाही, पण तुमची तक्रार सेशन तुटण्याची आहे.

कोथरूड_नेट:
मनापासून आभार. टनेल आजच लावतो. मेलचा मसुदा रविवारपर्यंत इथे टाकतो, तपासून द्याल का? टेस्टिंगची तयारी आहे, पण घरच्या सर्व्हरवर करंट शाखा (फ्रीबीएसडीची अजून घडत असलेली आवृत्ती) टाकायला धजावत नाही.

वारजे_बीएसडी:
त्यावर टाकूच नका. माझ्याकडे एक जुना थिंकपॅड लॅपटॉप पडून आहे, दोन नेटवर्क कार्डांसकट. घेऊन जा.