चौदा पानं लिहून किल्ला उभा केला, पण खेळाडूंना हलायलाच जागा नाही. कसं सुधारू?

सज्जाकोठी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या गच्चीवरच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सहाजण बसतो. मी जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा), बाकी पाच खेळाडू. डी अँड डी म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन बोलत बोलत, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ. त्याची पाचवी आवृत्ती खेळतो, पण जादू बरीच कमी केलीय आणि बोलणं सगळं मराठीत. जीएमला आमच्यात सूत्रधार म्हणतात. हा शब्द धाकट्या बहिणीनं काढला आणि तोच रुळला.

मी एक गड रचलाय, काळगड. पन्हाळ्याला लहानपणापासून इतक्यांदा गेलोय की डोळे मिटले तरी अंधारबावीच्या पायऱ्या दिसतात. म्हणून काळगडाची विहीरही तीन मजली, आणि तिच्या पोटातून तटाबाहेर जाणारी चोरवाट. अंबरखान्यासारखी दगडी कोठारं. गडाला वेढा पडलाय, पाऊस लागलाय, किल्लेदार फितूर आहे. खेळाडूंनी फितुरी शोधायची, विहिरीतून बाहेर पडायचं आणि मदत आणायची. चौदा पानं लिहिली होती, नकाशासकट.

तिसऱ्या सेशनला सगळं बिघडलं. विहिरीकडे कुणी फिरकलंच नाही. त्यांना कोठारावरचा म्हातारा पहारेकरी आवडला. त्याला मी नावही दिलं नव्हतं, बहिणीनं विचारलं तेव्हा 'धोंडबा' सांगून टाकलं. मग त्यांचं ठरलं, रात्री कोठारात लपून बसायचं. मी म्हटलं कुलूप आहे. त्यांनी वीस बाजूंचा फासा टाकला, अठरा पडले, म्हणजे जमायलाच हवं. मी म्हटलं तरी उघडत नाही, आतून अडसर आहे. तो अडसर मी त्या क्षणी घातला होता आणि ते सगळ्यांना कळलं. बहीण फासा खाली ठेवून म्हणाली, "मग तूच सांग की आम्ही काय करायचं ते. आम्ही बसतो ऐकत." चिडली नव्हती, शांतपणे म्हणाली. पुढे ते मुकाट्यानं विहिरीत उतरले, मी लिहिलेलं सगळं घडलं आणि कुणाच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरं. माझा मावसभाऊ मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर कामाला आहे. दर शनिवारी सगळ्यांच्या आधी येतो, पण तीन सेशन मिळून दहा वाक्यं बोलला असेल. "तू काय करतोस?" म्हटलं की "तुम्ही म्हणाल तसं." त्याला कंटाळा येत असता तर तो आलाच नसता. मग त्याला बोलतं कसं करू?

मसाईपठार यांचं उत्तर

बहिणीनं तुला तोंडावर सांगितलं, तिचे आभार मान. येत्या शनिवारी बसल्याबरोबर सगळ्यांसमोर सांग की तुझं बरोबर होतं, अडसर मी खोटा घातला. मी नऊ वर्षं खेळ चालवते. पहिली दोन वर्षं मीही पानंच्या पानं लिहायची.

आता वहीचं एक पान पुरतं. गडावर कोण कोण आहे, प्रत्येकाला काय हवंय, आणि खेळाडू नुसते बसून राहिले तर उद्या, परवा, तेरवा काय होईल. खेळाडू काय करतील ते मी लिहीत नाही.

पन्हाळ्याचंच बघ. १६६० च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरनं वेढा घातला. त्याला गड हवा होता. राजापूरच्या इंग्रजांनी तोफा देऊन त्याला साथ दिली, कारण त्यांना आपला व्यापार सांभाळायचा होता. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. पाऊस लागला तरी वेढा ढिला पडेना. एवढी झाली परिस्थिती, आणि एवढंच सूत्रधाराच्या पानावर असावं. बोलणी लावून पहारा सैल करायचा, शिवा काशीदांना पालखीत बसवून वैऱ्याच्या हाती जाऊ द्यायचं, आणि भर पावसात दुसरी पालखी मसाई पठारावरून विशाळगडाकडे न्यायची, हे बाहेर बसून कुणाला आधी लिहिता आलं असतं? ते आत अडकलेल्यांनाच सुचतं. तुझ्या टेबलाशी आत अडकलेली माणसं म्हणजे ते पाचजण. (माझ्या टेबलावर महाराज कधीच कुणाचं कॅरेक्टर होत नाहीत. पालखीचा भोई व्हा, हेर व्हा, वाट दाखवणारा धनगर व्हा. मला ती मर्यादा हवी वाटते, आणि भोयाच्या खांद्यावरून ती रात्र जास्त जवळून दिसते.)

कुलपाचं सांगते. अठरा पडले म्हणजे उघडलं. तीन पडले असते तरी मी उघडलं असतं, फक्त कडी वाजली असती आणि धोंडबा जागा झाला असता. फासा पडूनही काहीच घडलं नाही, असं माझ्या टेबलावर होत नाही. दार उघडूच द्यायचं नसेल तर फासा मागू नकोस, सरळ सांग की हे दगडानं चिणलंय.

वेढ्यासाठी 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळातलं घड्याळ उचल. कागदावर वर्तुळ काढ, सहा फोडी कर. एक रात्र गेली की एक फोड काळी करायची, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सहावी भरली की तट पडतो. मग कोठारात रात्र घालवायची का नाही, हा त्यांचा हिशेब होतो. तुला कुणाला ढकलावं लागत नाही.

आणि मावसभाऊ. "तू काय करतोस?" हा प्रश्न फार उघडा आहे, चारजण बघत असताना माणूस बुजतो. त्याला असं काही विचार ज्याचं उत्तर त्याच्या हातात रोज असतं. कोठारात गूळ ठेव. त्याला विचार, आत शिरल्यावर तुला काय खटकतं? तो म्हणेल ते खरं धर. तुझ्या पानावर नसलं तर पान बदल.

निळाफासा यांचं उत्तर

भावा, हा सगळा छंदच अशा एका बिघडलेल्या डावातून निघालाय. १९६९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातला युद्धखेळ मांडला. नुसत्या दोन फौजा न देता त्यांनी ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावातला एकेक माणूस एकेका खेळाडूला दिला. लढाई राहिली बाजूला, खेळाडू कोपऱ्यात जाऊन खलबतं करायला लागले. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाला बोलावलं, ज्याचे नियमच नव्हते. वेस्लींना वाटलं डाव वाया गेला. खेळाडू मात्र पुन्हा कधी, पुन्हा कधी म्हणून मागे लागले. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसन यांनी पुढे ब्लॅकमूर नावाचा असाच खेळ चालवला, आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचं डी अँड डी छापून आलं. तुझे खेळाडू धोंडबापाशी बसले ना, ते त्याच वाटेनं गेलेत.

मसाईताईंशी एका बाबतीत माझं जुळत नाही. माझं एका पानात भागत नाही. तयारी सोडून बसलो होतो तेव्हा माझ्या गावातल्या प्रत्येक माणसाचा आवाज एकसारखा यायला लागला. आता मी दहा नावं लिहून ठेवतो, प्रत्येकापुढे एक सवय. एक तपकीर ओढतो, एक बोलताना तटाकडे बघतो. धोंडबासारखा कुणी अचानक लागला की तयार असतो.

आणि जे कळल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही, त्याच्या खुणा तीन ठिकाणी ठेव. खेळाडू एक चुकवतात, दुसरीचा भलताच अर्थ लावतात, तिसरी सापडते. जस्टिन अलेक्झांडर यांनी हा नियम मांडलाय. फितुरीची एक खूण विहिरीत असेल तर एक किल्लेदाराच्या मुदपाकखान्यात आणि एक कोठारात असू दे.

पूररेषा यांचं उत्तर

थोडंच लिहितो. भर पावसातला वेढा चालवणार आहेस, तर आधी सगळ्यांना एकेकट्याला विचार की टेबलावर काय नको. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर दोन वर्षांनी मी एका खेळात नदी गावात शिरते असं रंगवून सांगत होतो. पाणी उंबऱ्याला लागलं, म्हटलं. आमची एक मैत्रीण उठून गॅलरीत गेली ती अर्धा तास आली नाही. तिच्या घरात छातीएवढं पाणी होतं, आणि ते मला माहीत होतं. माझ्या ध्यानातच आलं नाही. जॉन स्टावरोपोलस यांनी सुचवलेलं एक्स कार्ड तेव्हापासून आमच्या टेबलावर मधोमध असतं. कुणीही त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. चार वर्षांत दोनदा वापरलं गेलं. ती मैत्रीण अजून खेळते.

सज्जाकोठी (दोन आठवड्यांनी)

मसाईताई, निळाफासादादा, पूररेषादादा, तुमचे मनापासून आभार. काय झालं ते सविस्तर लिहितो.

सगळ्यांना आधी फोन केले. एकानं सांगितलं, लहान मुलांना काही होताना नको. मला हे कधी सुचलंच नसतं. एक्स कार्ड केलं, फास्यांच्या डबीशेजारी ठेवलं. बहिणीला सगळ्यांसमोर म्हटलं, अडसर खोटा होता, अठरा पडले त्या रात्रीपासून पुन्हा सुरू करूया का? ती म्हणाली, "चालतंय की. मी पयला आत जातो." वर्तुळ काढलं, पहिली फोड काळी केली, कोठाराचं दार उघडलं.

आत धान्याच्या राशी आणि कोपऱ्यात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा. मावसभावाला विचारलं, तुला काय खटकतं?

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रवे कोरडे हायत का वले?" मी ठरवलं नव्हतं. कोरडे, म्हटलं. तो म्हणाला, "मग हा गूळ हितला न्हवं. एवढा पाऊस, दगडाचं कोठार, खालनं वल. गुळाला पाणी सुटायला पायजे, पाझरून खाली चिकटा व्हायला पायजे. हा आत येऊन दोन-चार दिवस झाल्यात बघ. आणि वेढा पडून किती झालं?"

तीन महिने, मी म्हटलं.

खोलीत कुणी हललं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. बाहेरून गूळ येतोय म्हणजे वाट आहे! कुठनं? कोण आणतंय? मावसभावानंच पुढं सांगितलं की रव्यांना भाताचं तूस चिकटलंय, म्हणजे कुणीतरी घरात तुसात जपून ठेवलेला. विकायचा गूळ असा कुणी ठेवत नाही, हा घरच्यासाठी ठेवलेला. हे सगळं त्याचं. मी फक्त हो म्हणत गेलो आणि पेन्सिलीनं लिहून घेत होतो.

त्यांनी धोंडबाला गाठलं. मी तिथल्या तिथे ठरवलं की गडाखालच्या वाडीत त्याची लेक दिलीय, तीच रात्रीची तटाच्या एका फुटक्या मोरीतून गूळ वर पाठवते आणि धोंडबा तो आजाऱ्यांना वाटतो. किल्लेदाराची माणसं त्याच मोरीचा शोध घेतायत, पण वेगळ्या कारणासाठी. तासभर वाद चालला, धोंडबावर विश्वास ठेवायचा का. शेवटी पाचांनी मिळून त्याला लपवलं. सेशन संपलं तेव्हा तीन फोडी काळ्या झाल्या होत्या, रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि खालून आई दोनदा हाक मारून गेली होती.

विहिरीत अजून कुणी उतरलेलं नाही. ती पानं मी फाइलला लावून ठेवलीत.

मावसभाऊ निघताना चप्पल घालता घालता मला म्हणाला, "पुढच्या शनवारी धोंडबाच्या लेकीला मी आणतो वर. मोरी किती रुंद हाय तेवढं ठरवून ठेव."